वरची फळी

गुरुवार, ६ तारीख

धाकट्या,

तुझा फोन चार दिवस बंद आहे, म्हणून हे पत्र. टेम्पोवाले मामा उद्या माल घेऊन तुझ्या बाजूला निघतायत, त्यांच्या हाती देते. पोस्टाने का नाही ते विचारू नकोस. हाती दिलेलं बरं वाटलं.

शनिवारी तू आलास, सात वर्षांनी, आणि माझ्या दुकानात तीन तास बसलास. मला किती आनंद झाला ते तेव्हा सांगितलं नाही. सात वर्षं न भेटलेल्या सख्ख्या भावाला मी काय विचारलं, तर "केस कुठे गेले रे?" माझी जीभ तुला माहीतच आहे. तू हसलास, माझ्या हातातून इस्त्री काढून घेतलीस आणि दोन शर्ट केलेस. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. तुझा हात अजून विसरलेला नाही. तू गेल्यावर ते दोन शर्ट मी बराच वेळ घडी न घालता तसेच लटकवून ठेवले होते.

बरं, बातमी अशी की मंगळवारी भिंतीपलीकडच्या टॉवरमध्ये चोरी झाली. नवव्या मजल्यावर, कॉलरवाल्या आजोबांकडे. तुला आठवत असतील, कॉलरला एक सुरकुती दिसली तरी शर्ट परत पाठवायचे. आजी गेल्या त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून ते एकटेच असतात. भर दुपारी तीनच्या सुमाराला चोर शिरला, आजींचे दागिने कपाटातून काढले, आणि आजोबा जागे होऊन मध्ये आले तेव्हा त्यांना ढकलून पळाला. चौकटीवर डोकं आपटलं. हॉस्पिटलमध्ये आहेत, शुद्धीवर नाहीत.

आणि पोलिसांनी माझ्या नणंदेला धरलं.

त्यांचा स्वयंपाक आणि झाडलोट दीड वर्षापासून तीच करते. दार फोडलेलं नाही, किल्लीने उघडलंय. किल्ली दाराबाहेर चपलांच्या रॅकमागे खिळ्याला असते, हे तिला माहीत. दोन वाजता ती काम आटपून निघाली आणि तीनला चोर आला, एवढं पोलिसांना पुरलं. तुझे भाऊजी कालपासून चौकीच्या बाकावर बसून आहेत. सासूबाईंनी अन्न सोडलंय. नणंदेची पोर माझ्याकडे आहे, नऊ वर्षांची, अजिबात रडत नाही, त्याचीच मला धास्ती वाटते.

नणंदेचं आणि माझं किती गूळपीठ आहे ते तुला ठाऊक आहे. माझ्याकडे जेवायला बसण्याआधी "विमा उतरवलाय ना सगळ्यांनी?" असं विचारणारी बाई ती. पण चोर ती नाही. दुसऱ्याच्या घरातला चमचा ती उचलणार नाही, तो नीट घासलेला नाही एवढं मात्र चारचौघांत ऐकवेल.

तू नीट पोचलास का ते कळव. शनिवारच्या गाडीने जाणार म्हणाला होतास. गेलास ना?

तुझी ताई


सोमवार, १० तारीख

धाकट्या,

मामांनी सकाळी तुझी चिठ्ठी आणून दिली. दोन ओळी. "मला यातलं काही माहीत नाही. घर रिकामं समजून कोणी शिरला असेल, तर म्हातारा मध्ये येईल हे त्याला काय माहीत."

ती मी आधी उभ्याने वाचली आणि मग बसून वाचली.

घर रिकामं समजून, हे तू कुठून आणलंस? मी तसं लिहिलं नव्हतं. पोलीस तर नेमकं उलटं म्हणतायत. शुक्रवारी चौकीचे साहेब स्वतः दुकानात आले होते. बसायला स्टूल दिलं तर त्यावर बूट ठेवून उभे राहिले. म्हणाले, "या आठवड्यात टॉवरमधली तीन घरं कुलूप लावून बाहेर गेलेली होती. तीन रिकामी घरं सोडून चोर माणूस असलेल्या घरात का शिरेल? म्हातारा दुपारी गोळी घेऊन झोपतो, हे आतून कोणी सांगितल्याशिवाय?" गोळीचं माझ्या नणंदेलाच ठाऊक. त्यांच्या लेखी कोडं सुटलं.

मी मान डोलावली आणि इस्त्री फिरवत राहिले. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. का शिरेल? मग हातातलं काम ठेवून मी वर फळ्यांकडे बघितलं.

ती पद्धत तूच बसवली होतीस. बाहेरगावी गेलेल्यांचे गठ्ठे सगळ्यात वरच्या फळीवर, म्हणजे रोजच्या गठ्ठ्यांत मिसळणार नाहीत. लवकर परतणारे दाराच्या बाजूला, उशिरा परतणारे भिंतीकडे. अख्ख्या टॉवरमध्ये कोण घरी नाही आणि किती दिवस नाही, ते आपल्या दोघांना नुसती मान वर करून कळायचं. तिसऱ्या कोणाला ते वाचता येत नव्हतं. भिंतीकडचा शेवटचा गठ्ठा हमखास आजी-आजोबांचा असायचा, कारण ते परदेशात लेकीकडे गेले की सहा-सहा महिने उगवायचे नाहीत.

धाकट्या, ती पद्धत मी मोडली. दोन वर्षांपूर्वी मी स्टुलावरून पडले आणि गुडघा कामातून गेला. आता मला वर चढवत नाही. बाहेरगावचे गठ्ठे मी टेबलाखाली ठेवते, पडद्यामागे. वर ठेवते ते क्वचित लागणारे, ज्यांचे कपडे महिन्यातून एकदा येतात आणि न्यायची घाई नसते असे. एकट्या म्हाताऱ्या माणसाचे कपडे ते किती असणार? म्हणून आजोबांचा गठ्ठा वर होता, भिंतीकडे, शेवटी.

शनिवारी तू तीन तास त्या फळीसमोर बसला होतास. तू मला काही विचारलं नाहीस. तुला विचारायची गरजच नव्हती. आणि गुडघ्याचं रडगाणं मी तुझ्यासमोर गायले नाही, आल्या आल्या कटकट नको म्हणून. त्यांच्याकडे गठ्ठे पोचवायला तूच जायचास, खिळ्यावरची किल्ली तूही पाहिलेली आहेस. ते घर रिकामं आहे असं वाटू शकेल असा माणूस या जगात एकच आहे.

आणखी एक ऐक. कॅमेऱ्यात एक माणूस दिसतो, खांद्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा आणि तोंड गठ्ठ्याआड. वॉचमन नवा आहे, त्याने नेहमीसारखा हात केला आणि सोडलं. इस्त्रीवाल्याच्या तोंडाकडे कोण बघतं? गठ्ठा निळ्या चौकड्यांच्या चादरीत बांधलेला आहे. साहेबांनी मला विचारलं, तुमच्याकडे अशा किती? मी म्हटलं, बारा, आणि सगळ्या इथेच आहेत, साहेब.

अकरा आहेत. पोलिसांशी मी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि ते इतकं सहज जमलं की माझी मलाच भीती वाटली.

लिही मला. नाही म्हणून लिही, आणि मंगळवारी दुपारी कुठे होतास ते लिही. मी विश्वास ठेवायला तयार बसले आहे.

ताई


शुक्रवार, १४ तारीख

धाकट्या,

या वेळी चिठ्ठीसुद्धा नाही. मामांच्या तोंडी निरोप. त्या भल्या माणसाला आपण काय पोचवतोय याचा पत्ता नाही, त्याने पाठ केल्यासारखा म्हणून दाखवला: "ताईला सांगा, त्यांच्याकडे इतकं आहे की गेलेलं त्यांना जाणवणारही नाही. आणि नणंद सुटेल, तिच्याविरुद्ध पुरावा काही नाही."

म्हणजे तूच. आजवर कुठेतरी आशा होती, तीही गेली. मामांना मी चहा दिला, घरच्यांची खुशाली विचारली, आणि ते गेल्यावर दुकानाचं दार लावून घेतलं.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं समजू नकोस. वीस वर्षं मी त्यांचे कपडे हाताळते आहे. सहाव्या मजल्यावरून आठवड्याला तीस शर्ट येतात आणि घालणारा माणूस एक. दिवसाला चार शर्ट कसे लागतात हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, बहुतेक जेवताना वेगळा घालत असेल. आपल्या गल्लीत एक तास पाणी येतं आणि भिंतीपलीकडे त्यांच्या तलावात दिवसभर पोरं डुंबतात, ते मला इस्त्री करता करता ऐकू येतं. एकदा मी दार लावून एका बाईंचा रेशमी झगा अंगात घातला होता. आरशात बघितलं. छान दिसत होते. मग मी तो काढला, पुन्हा इस्त्री केली आणि घडी घालताना इतकी चिडले की बाही जळता जळता वाचली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तेव्हा राग काय असतो ते मला शिकवू नकोस.

पण जाणवलं कोणाला ते ऐक. दागिन्यांचा विमा होता, आजोबांची लेक विमानाने आली आणि पहिल्याच दिवशी तिने कागदावर सह्या केल्या. टॉवरच्या कमिटीने अकरा बायकांना कामावरून काढलं, सगळ्या आपल्या गल्लीतल्या. ज्या उरल्या त्यांची येता-जाता झडती होते, बायकांच्या खोलीत नाही, गेटवर. गळ्यात ओळखपत्र, त्यावर फोटो. लिफ्ट बंद, सामान घेऊन जिन्याने चढा. इस्त्रीचे कपडे बाहेर द्यायचे नाहीत असा ठराव येतोय, म्हणजे माझंही दुकान गेलं. ज्या नव्या वॉचमनने तुला आत सोडलं तो समोरच्या चाळीतला, त्याला त्याच दिवशी हाकललं. परवा गल्लीतल्या पाण्याच्या पंपाची मोटर कोणीतरी काढून नेली. आपल्या गल्लीत, आपल्यातल्याच कोणीतरी. काल एक माणूस हातगाडीवर कुलपं विकत आला होता. आपल्याकडे आजवर कडी लावली तरी पुष्कळ व्हायचं. मीही एक घेतलं.

हे तू गेटवरच्या त्या दिवसामुळे केलंस, असं मला सांगू नकोस. मी विसरलेले नाही. बाराव्या मजल्यावरच्या बाईंचं घड्याळ हरवलं, गठ्ठे पोचवायला तू वर गेला होतास, वॉचमननी तुझे खिसे उलटे केले. काही निघालं नाही. आणि तरी मी सगळ्यांसमोर तुझ्या तोंडात मारली. कारण बाई बघत होत्या आणि आपलं दुकान त्यांच्या भिंतीला टेकून उभं होतं. तू सव्वीस वर्षांचा बाप्या होतास. तू हात उचलला नाहीस, गाल चोळलास आणि चार दिवसांनी गाव सोडलंस. त्याबद्दल मला बोलायचं आहे, पण आत्ता नाही. आत्ता एक बाई गजाआड आहे.

बुधवारपर्यंत तू इथे ये. दागिने घेऊन ये. मी तुझ्याबरोबर चौकीत येते. साहेबांना सांगू की म्हाताऱ्याला मारायचा हेतू नव्हता, घाबरून धक्का लागला. आजोबा बरे होतील. तू आपणहून आलास तर फरक पडतो, असं भाऊजींच्या ओळखीचे वकील म्हणाले. मी त्यांना "एखाद्याने असं केलं तर" म्हणून विचारलं होतं.

बुधवारपर्यंत.

ताई


बुधवार, १९ तारीख

दिवसभर मी दाराकडे बघत होते. चार वाजता मामांचा टेम्पो आला, तुझा निरोप नाही. खोलीला कुलूप होतं म्हणाले, पण आतून रेडिओ ऐकू येत होता. बाहेरून कुलूप लावून आत बसायची युक्ती तू दहा वर्षांचा असताना शाळा चुकवायला काढली होतीस, मागच्या खिडकीतून शिरून. ती मला नवीन नाही.

आज मी नणंदेला भेटले. तुझे भाऊजी रोज जातात, पण त्यांना आत सोडत नाहीत, आज मला पाच मिनिटं सोडलं. ती भिंतीला टेकून बसली होती. पंधरा दिवसांत अर्धी झालीय. उजव्या हाताची दोन बोटं सुजली होती. मी विचारलं तर म्हणाली, दारात सापडली. चौकीतली दारं मी बघितली, सगळी गजांची आहेत.

मी नेहमीसारखं काहीतरी बोलायला गेले, पोर जेवते, अभ्यास करते, सासूबाई बऱ्या आहेत. तिने मला मध्येच थांबवलं. बाहेर शिपाई होता, म्हणून अगदी हळू बोलली.

"वहिनी, त्या दिवशी मी गेटमधून बाहेर पडले तेव्हा तुमचा भाऊ समोरच्या झाडाखाली उभा होता. खांद्यावर गठ्ठा होता. मी ओळखलं त्याला."

मी आधी शिपायाकडे बघितलं. मग मी विचारलं, पोलिसांना सांगितलंस?

"नाही."

का, असं मी विचारलं. मला वाटलं ती म्हणेल, तुमच्याकडे बघून. इतक्या वर्षांची नणंद-भावजय आपण, असं काहीतरी. ती तसं काही म्हणाली नाही.

"सांगून काय होणार? म्हणतील, दोघांनी मिळून केलं, आता एकीने दुसऱ्याचं नाव घेतलं. आणि माझी पोर तुमच्या घरात आहे, वहिनी. तुमच्या भावाचं नाव मी घ्यायचं आणि मग तिला जेवायला तुम्ही वाढायचं. मी विचार करून गप्प बसले. तुम्हीच सांगाल म्हणून वाट बघतेय."

धाकट्या, मी त्या पोरीला उपाशी ठेवेन असं तिला वाटलं. माझ्याबद्दल. पंधरा दिवस ती बोटं सुजवून घेत बसली, कारण तिला माझी भीती वाटत होती. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण या पंधरा दिवसांत मला सगळं माहीत असून मी काय केलं? तुला पत्रं लिहिली.

घरी आले तर पोर दारात होती. आई काय म्हणाली विचारलं. म्हटलं, तुला नीट जेवायला सांगितलंय. तिने मान डोलावली आणि ताट घ्यायला आत गेली.

हे पत्र मामांकडे उद्या देते. उद्या ते पोचवतील. परवा संध्याकाळपर्यंत तू इथे नसलास तर काय करायचं ते मला सुचत नाही. म्हणजे सुचतं. लिहिवत नाही.

ताई


शुक्रवार, २१ तारीख

आजोबा सकाळी गेले.

गल्लीत ही बातमी भाजीवाल्याने आणली. मी एका शर्टाच्या बाह्या करत होते. इस्त्री उभी करून ठेवली आणि तशीच बसले. त्यांच्या गठ्ठ्यात चार शर्ट आहेत, दोन पायजमे, एक शाल. स्टूल लावून, गुडघ्याची पर्वा न करता, मी तो खाली काढला आणि चारही कॉलर बघितल्या. एकीलाही सुरकुती नव्हती.

दुपारी भाऊजी चौकीतून आले. आता कलम बदललं. आता चोरी नाही, खून. तिला मोठ्या तुरुंगात हलवतील, सोमवारी. भाऊजी एवढा मोठा माणूस, पोरीसमोर रडले. मी त्यांना अजून काही बोललेले नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात त्यांच्यापासून मी काही लपवलं नव्हतं. आता जे लपवलंय ते बाहेर आल्यावर ते माझ्याकडे कसे बघतील ते मला माहीत नाही.

तू आला नाहीस. येणार नाहीस. आता तर नाहीच.

कालपर्यंत तुझं नाव घेणं म्हणजे चोरीचं नाव घेणं होतं. उद्या घेतलं तर खुनाचं. आई जाताना तुझा हात माझ्या हातात देऊन गेली, हे मी स्वतःला दिवसभर सांगत होते. पण नणंदेच्या पोरीचा हातही कोणीतरी माझ्याच हातात दिलाय, आणि तेही न विचारता.

हे पत्र मामांकडे देणार नाही. दिलं तर तू पळशील, आणि तू पळालास तर ती कायमची आत. उद्या सकाळी दहाला साहेब चौकीत येतात. मी आधी भाऊजींना सांगेन, मग जाईन.


रविवार, २३ तारीख

धाकट्या,

हे पत्र आधी चौकीचे साहेब तुझ्या दाराशी उभे राहून वाचतील, बाहेरचं कुलूप काढतील आणि मग दाराखालून आत सरकवतील. तशी अट आहे. शुक्रवारचं पत्रही सोबत जोडलंय, तेही त्यांनी वाचलं. तेव्हा आता आपल्यात गुपित असं काही उरलं नाही, तूही मोठ्याने वाचलंस तरी चालेल.

काल मी सगळं सांगितलं. भाऊजी बरोबर आले. रस्ताभर माझ्यापुढे चार पावलं चालत होते, पण आले. फळीचं सांगितल्यावर साहेब आधी हसले. म्हणाले, बाई, फळी बघून कोणी घर फोडतं का? मग मी त्यांना दुकानात घेऊन गेले. आजोबांचा गठ्ठा होता तिथे परत ठेवला, आणि जुनी पद्धत काय होती ते त्यांच्या शिपायाला समजावलं. त्याला म्हटलं, आता तुम्हीच सांगा, सगळ्यात जास्त दिवस कोणतं घर बंद राहणार? त्याने वर बघितलं आणि सरळ भिंतीकडच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. साहेबांचं हसू मावळलं. मग ते स्टुलावर बसले आणि वही काढली.

चादरीचंही सांगितलं. अकरा आहेत, मी खोटं बोलले होते. माझ्यावरही काहीतरी कलम लागेल म्हणाले. लागू दे. कमिटीचा ठराव काल मंजूर झाला, दुकान तसंही बंद होणार आहे.

नंतर मी त्यांना आणखी एक सांगायला गेले. ते तुलाही माहीत नाही. बाराव्या मजल्यावरच्या बाईंचं ते घड्याळ सापडलं होतं. तू गेल्यावर महिन्याभराने, त्यांच्याच प्रवासाच्या बॅगेत, मोज्यांच्या आत. बाई स्वतः दुकानात आल्या होत्या. म्हणाल्या, झालं ते झालं, उगाच चर्चा नको. आणि त्यांची जुनी विजेची इस्त्री मला देऊन गेल्या. मी ती घेतली. कोळशाच्या इस्त्रीने माझे डोळे जायची वेळ आली होती आणि ती वाफेची होती, भारी. सात वर्षं मी त्याच इस्त्रीवर पोट भरलं. त्या शनिवारी तू माझ्या हातातून काढून घेतलीस आणि दोन शर्ट केलेस, ती तीच. तू दारात आलास तेव्हा ती माझ्या हातात होती, म्हणून मी केसांचं काहीतरी विचारलं.

मला तुला कळवता आलं असतं. तुझा पत्ता मामांकडे तेव्हाही होता. पण कळवलं असतं तर तू परत आला असतास, गेटवर जाऊन बाईंना जाब विचारला असतास, आणि दुकान गेलं असतं. म्हणून मी तुला चोरच राहू दिलं. तिथे कोणी तुला ओळखत नाही, काय फरक पडतो, असं मनाची समजूत घालत राहिले. तू सात वर्षं काय खात होतास, कोणाच्या संगतीत होतास, मी एकदाही विचारलं नाही. आजोबांना तू ढकललंस आणि ते तुलाच फेडावं लागणार आहे, त्यात मी वाटा मागत नाही. पण तू निर्दोष होतास तेव्हा मी गप्प बसले आणि दोषी झालास तेव्हा बोलले, हे माझं मला दिसतंय. माझं चुकलं.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं, तर त्यांनी पेन थांबवलं. म्हणाले, "याचा या केसशी काय संबंध? हे राहू द्या." आणि लिहून घेतलं नाही. म्हणून इथे लिहिलं.

आता ऐक. तुला ताब्यात घेतल्याशिवाय ते नणंदेला सोडणार नाहीत. उद्या सकाळी तिला मोठ्या तुरुंगात न्यायला गाडी येणार आहे. तुझ्या खोलीला मागे खिडकी आहे, हे मी साहेबांना सांगितलेलं नाही. सगळं सांगितलं, तेवढं एक राहू दिलं. आता वाचतील तेव्हा त्यांना कळेल, पण तोवर कागद तुझ्या दाराशी आलेला असेल. मागे माणूस पाठवायला त्यांना दोन मिनिटं लागतील. ती दोन मिनिटं तुझी आहेत.

मी खाली आहे. जीपमध्ये, मागच्या सीटवर. दुपारचे तीन वाजलेत आणि टायरच्या दुकानातला माणूस माझ्याकडे टक लावून बघतोय.

दाराने ये.

ताई